काबरीचा जामीन

१

"दाक्तरसाहेब, धावा! काबरी गेली!"

देलवासणचे ढोरांचे डॉक्टर त्रिकमलाल रावळ तेव्हा ओट्यावर बसून बिनसाखरेच्या चहाकडे दुःखी चेहऱ्याने बघत होते. डाहीबाची हाक ऐकून ते असे दचकले, की चहा अर्धा धोतरावर आणि अर्धा जमिनीवर गेला. खरं सांगायचं तर चहाचं त्यांना काडीचंही वाईट वाटलं नाही.

"गेली म्हणजे? मेली?"

"मेली असती तर दिसली असती ना! गंजीतली जागा रिकामी आहे. आई नाही, पिल्लं नाहीत, कुणी नाही!" डाहीबाच्या कोपरापर्यंत बाजरीचं पीठ होतं. हातातलं काम टाकून ती तशीच पळत आली होती.

डॉक्टर ओल्या धोतराने तसेच निघाले. कारण काबरी कुत्रीला ते जामीन होते, आणि जामिनाचा निकाल दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी लागायचा होता.

त्याचं असं झालं. नऊ दिवसांपूर्वी काबरी सरपंच अंबारामभाईंना चावली. कुठे चावली ते चारचौघांत कुणी बोलत नसे, पण तेव्हापासून सरपंच जिथे जातील तिथे काखेत एक उशी घेऊन जात. त्यांनी सुया टोचून घेतल्या आणि त्याच रागात सभा बोलावली. गावातली झाडून सगळी कुत्री ट्रकमध्ये भरायची आणि रणाच्या, म्हणजे खाऱ्या वाळवंटाच्या, काठाला सोडून यायची, असा त्यांचा ठराव. रणात ना पाणी, ना दाणा, ना सावली. तिथे सोडायचं म्हणजे मारायचंच, फक्त आपला हात न लावता.

आणि हे कुठे, तर देलवासणमध्ये! ज्या गावात वाडवडिलांनी कुत्र्यांच्या नावाने शेत काढून ठेवलंय, त्या शेताच्या बाजरीचे रोटले डाहीबा रोज सकाळी रोटलाघरात कुत्र्यांसाठी भाजते, आणि त्या शेताचा बांध कोरायची आजवर कुणाची छाती झाली नाही, त्या गावात.

"कायद्यात बसत नाही हे," डॉक्टर सभेत म्हणाले होते.

"कायदा लांब आहे, माझं दुखणं जवळ आहे," सरपंच म्हणाले होते.

शेवटी डॉक्टरांनी शब्द टाकला. चावलेल्या कुत्रीवर दहा दिवस नजर ठेवायची असते. पिसाळलेली असेल तर तेवढ्यात तिचं सोंग उघडं पडतं. "दहाव्या दिवशी मी काबरीला सभेत उभी करतो. ठणठणीत असली तर गावातली कुत्री गावातच राहतील, आणि नसबंदीचं शिबिर मी आणतो. नाही उभी करू शकलो, तर तुमचा ट्रक."

एका कुत्रीवर गावच्या सगळ्या कुत्र्यांचा जीव टांगलेला होता, आणि आता तीच नाहीशी झाली होती.

गंजी पाण्याच्या नळाजवळ होती. काबरीने कडब्यात कोरलेली जागा डॉक्टरांनी वाकून बघितली. रक्त नाही. ओढत नेल्याची खूण नाही. मग त्यांचे डोळे बारीक झाले.

"डाहीबा, इथलं भुसकट कुठे गेलं? पिल्लांच्या अंगाखालचं?"

"अगंबाई! खरंच की."

"आणि ही जमीन बघितलीस? कुणीतरी झाडून काढलीय."

कुत्री पळवणारे चोर डॉक्टरांनी ऐकले होते. पण जाताना केर काढून जाणारा चोर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

२

"मारायला नेणारा माणूस तिचं अंथरूण कशाला नेईल?" रोटलाघराच्या उंबऱ्यावर बसत डॉक्टर म्हणाले. "काबरी जिवंत आहे. डाहीबा, खरं सांग. तूच लपवली नाहीस ना?"

डाहीबाने परातीतला गोळा असा आपटला, की डॉक्टर जागच्या जागी सावरून बसले. "लपवली असती तर तुमच्या दारात येऊन गळा काढला असता का? मी बाजरी मळते, नाटकं करत नाही! आज तिच्या शिऱ्याचा दिवस होता. सगळं सामान जमवून ठेवलंय बघा."

कोपऱ्यात गव्हाचं पीठ, गूळ आणि तेलाची बरणी मांडलेली होती. देलवासणची ही जुनी रीत. आळीत कुत्री व्याली की घरोघर फिरून शिधा गोळा करायचा आणि बाळंतिणीला शिरा करून घालायचा. शिरा गुळाचा, आणि तेलातला. तुपाने कुत्र्याचे केस झडतात, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. यावर ढोरांच्या डॉक्टरला आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही आपणहून तोंड उघडलं नव्हतं.

"सगळ्यांनी दिलं?"

"सगळ्यांनी. सरपंचांच्या बायकोनेसुद्धा, मागच्या दाराने. एक पशाकाका सोडून." डाहीबाने नाक मुरडलं. "गोठ्यात म्हशींची रांग आहे, तुपाचे डबे शहरात जातात, पण हातून चमचाभर पीठ सुटलं नाही. म्हणतो कसा, 'माझ्या गंजीत बाळंत झाली ती वर्गणी पुरे नाही का? एक दिवस गोणीत भरतो बघ तिला!' रईकाकी होती तोवर त्या घराला काही शोभा होती. ती गेली आणि म्हाताऱ्याची चूल खिचडीपलीकडे गेली नाही, आणि जीभ शिव्यांपलीकडे."

"गोणीत भरतो म्हणाला?"

"गोणीवरून आठवलं." डाहीबा पुढे वाकली, आवाज खाली आला. "आज उजाडता उजाडता गंजीपाशी गोणी घेऊन एक जण जाताना मी पाहिला. पण तो पशाकाका नव्हता."

"मग कोण?"

"किरीट. नैरोबीवाला."

३

किरीट सगळी उमर नैरोबीत दुकान चालवून म्हातारपणी गावी परतला होता. त्याचं घर गंजीच्या अगदी समोर. कुत्री भुंकतात, झोप येत नाही, हे त्याचं रोजचं गाऱ्हाणं. दार उघडलं तेव्हा डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि हातात खाकऱ्याचं ताट.

"या डॉक्टर, बसा. खाकरा घ्या, मेथीचा आहे."

डॉक्टरांनी खाकरा घेतला. तपासाच्या कामात यजमानाला नाराज करून चालत नाही. दुसराही घेतला.

"किरीटभाई, पहाटे गोणी घेऊन कुठे निघाला होतात?"

किरीटने ताट खाली ठेवलं. "गोणी? कसली गोणी? लाकडं होती. बंबासाठी."

"तुमच्या घरात गॅसचा गीझर आहे. तो बसवला तेव्हा तुम्ही सगळ्या गावाला बोलावून दाखवला होतात."

दाराआड गोणी दिसतच होती, फुगलेली. डॉक्टर उठले, आणि किरीट आडवा आला. "नका उघडू! माझी इज्जत जाईल, डॉक्टर!"

डॉक्टरांनी मनाचा हिय्या करून दोरी सोडली. आत घोंगड्या होत्या. नैरोबीच्या, जाडजूड, लाल पट्ट्यांच्या.

"हे काय?"

"थंडी नाही का पडली?" किरीट चिडून म्हणाला. "पिल्लं कुडकुडली की रडतात. ती रडली की आई भुंकते. ती भुंकली की मी जागा. म्हटलं, खाली काहीतरी अंथरू. हे सगळं माझ्या झोपेसाठी हं, दयाबिया काही नाही! पण मी गेलो तेव्हा जागा आधीच रिकामी होती. झाडून लख्ख. बाहेर कुणाला सांगू नका, गावात माझं हसं होईल."

"काबरी सरपंचांना चावली त्या दिवशी तुम्ही नळावरच होतात ना? नेमकं काय झालं होतं?"

किरीटने एकदम कानाला हात लावला. "मी काही पाहिलं नाही. मला शपथ घातलीय."

"न पाहिलेल्या गोष्टीची शपथ कोण घालतं हो?"

"आणखी एक खाकरा घ्या," असं म्हणून किरीटने विषयाला कुलूप लावलं.

४

सरपंच अंबारामभाई पंचायतीच्या खुर्चीत उशीवर बसले होते. डॉक्टरांना वाटलं होतं, बातमी ऐकून हा माणूस पेढे वाटेल. झालं उलटंच.

"गेली?" सरपंच ताडकन उठले, कळवळले आणि परत बसले. "गेली कशी? आज तर..."

"आज तर काय?"

"आज तर शनिवार आहे," सरपंच म्हणाले. घाम पुसायला त्यांनी रुमाल काढला. बाहेर लोक शेकोट्या पेटवून बसले होते आणि हे घाम पुसत होते. "बरं झालं गेली ते. पिसाळलेली कुत्री मरायला लांब जातात, ठाऊक आहे मला."

"काबरी काल माझ्या हातून पाणी प्यायली. पिसाळलेली नाही ती."

"मग उद्या आणा सभेत!" आता सरपंचांना पुन्हा रंग चढला. "आणता ना? तुमचा शब्द आहे, डॉक्टर. कुत्री नाही, तर ट्रक. मी तर म्हणतो सोमवारी सकाळीच. घ्या, चहा घ्या. साखर किती?"

डॉक्टरांच्या मनात चार चमचे आले होते. "बिनसाखरेचा," ते म्हणाले आणि न पिताच उठले. गावात येताना ते नव्याने लागलेले कोवळे डॉक्टर होते. काबरीची आई, आजी, पणजी, सगळ्यांची बाळंतपणं त्यांनी बघितली होती. वाटेत एक लंगडा कुत्रा शेपूट हलवत त्यांच्यामागे चालू लागला, तेव्हा त्यांना त्याच्याकडे बघवेना.

पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. आज काहीतरी व्हायचं होतं, आणि काबरी गेल्यामुळे ते राहिलं होतं. सरपंचांचा डाव कुणीतरी त्यांच्याआधी खेळून गेलं होतं.

५

आता राहिले पशाकाका.

त्यांच्या अंगणात पाय टाकण्यापूर्वीच डॉक्टरांच्या नाकाने त्यांना जागच्या जागी उभं केलं. गूळ! भाजलेलं पीठ आणि त्यात पडलेला गूळ. मधुमेह झाल्यापासून डॉक्टरांना गोडाचा वास चार घरं ओलांडून येत असे. मंछाबेन, त्यांची बायको, याला आजाराचंच लक्षण म्हणायची.

अंगणात रेडिओवर भजन चाललं होतं, इतक्या मोठ्यानं की पत्रे थरथरत होते. हेच पशाकाका समोरच्या लग्नातला बँड बंद पाडायला काठी घेऊन गेले होते! म्हशी बाहेर उघड्यावर बांधलेल्या, अंगावर गोणपाटं, नाकातून वाफा काढत उभ्या. गोठ्याचं दार बंद.

"काय आहे रे, दाक्तर?" पशाकाका घरातून ओरडतच बाहेर आले. सत्तरीचा उंच माणूस, मिशा पांढऱ्या, हातात काठी. काठीच्या टोकाला पीठ लागलेलं होतं.

"काका, काबरी नाहीशी झालीय!"

"झाली तर बरं झालं! ब्याद टळली! माझा कडबा नासवला मेलीने!" काका असे गरजले, की भजनसुद्धा दबलं. "जा, सरपंचाला विचार!"

"म्हशी बाहेर का? थंडीने दूध आटेल त्यांचं."

"गोठा सारवलाय. ओला आहे."

"आणि हा गोड वास?"

काकांच्या मिशा क्षणभर थांबल्या. "जावई येणार आहे. शिरा केलाय."

"तुम्ही? शिरा?"

"का? मला हात नाहीत?"

आता देलवासणमध्ये दारात आलेल्या माणसाला चुलीवरचं गोड न देता परत पाठवणं म्हणजे भांडणच. डॉक्टर ओसरीवर बसून राहिले. काका काही देईनात. इतक्यात एका म्हशीने दावं ओढून काढलं आणि काका शिव्या घालत तिच्यामागे पळाले.

डॉक्टरांनी आत डोकावलं. चुलीवर पातेलं, त्यात झारा. आजूबाजूला कुणी नाही. मंछाबेनची शपथ आठवली, रक्तातली साखर आठवली, आणि तरीही डॉक्टरांनी एक घास उचलून तोंडात टाकला. मग दुसरा.

शिऱ्यात गुठळ्या होत्या. ते एकवेळ चाललं असतं. पण अजून काहीतरी चुकलं होतं, आणि ते काय, हे मिशा पुसत बाहेर येईपर्यंत त्यांना सांगता येईना. तपास तिथेच बुडाला. उद्या संध्याकाळी सभेत उभं राहून काय सांगायचं, हा विचार घेऊन ते मान खाली घालून घरी गेले.

६

"गोड खाल्लंत," मंछाबेन दारातच म्हणाली.

"छे! कोण म्हणतं?"

"तुमची मिशी म्हणते. इकडे या." तिने त्यांची हनुवटी धरून वर केली आणि वास घेतला. तीस वर्षांच्या संसारात मंछाबेनचं नाक पोलिसांच्या वर गेलं होतं. "गूळ. गव्हाचं पीठ. शिरा! कुठे खाल्लात?"

"दोनच घास. पशाकाकांकडे. जावई यायचाय त्यांचा."

"खोटं बोलायचं तर नीट बोला. पशाकाकांकडे म्हणे! त्यांच्या घरात तुपाची नदी वाहते. तिथला शिरा असता तर मिशीला तुपाचा वास आला असता. हा तेलातला आहे." ती थांबली आणि मग कमरेवर हात ठेवून हसत सुटली. "अहो, कुत्रीला केलेला शिरा चोरून खाल्लात की काय? काय दिवस आले माझ्या नवऱ्यावर!"

डॉक्टरांनी नुकत्याच काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या.

"मंछा," ते सावकाश म्हणाले, "तू देवी आहेस."

"आणि तुम्ही उद्यापासून कारल्याच्या रसावर आहात. अहो, कुठे चाललात? पागोटं तरी घ्या!"

७

पशाकाका गोठ्याच्या दारात काठी आडवी धरून उभे होते.

"पुढे पाऊल टाकशील तर तंगडं मोडीन, दाक्तर."

"मोडा, पण आधी ऐका." डॉक्टर धापा टाकत होते. "ज्याच्या घरात तुपाचे डबे भरलेत, तो जावयाला तेलाचा शिरा घालेल का? घातला तर जावई मुलीला परत धाडेल! बँड बंद पाडणारा माणूस रेडिओ एवढ्या मोठ्यानं कशाला लावेल? आतलं कुईकुई बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. म्हशींना पोटच्या पोरींसारखं जपणारा त्यांना ऐन थंडीत बाहेर का काढेल? आतली ऊब आणखी कुणाला लागत होती म्हणून. आणि काका, गंजीखालची जमीन झाडून यायची गरज नव्हती. सवय तुमची, दुसरं काय! तुमच्या अंगणात काडी पडलेली खपत नाही तुम्हाला."

नेमकं त्याच वेळी भजन संपलं. आणि त्या शांततेत, बंद दारामागून, एक बारीक, झोपाळू "कुंई" आली.

काकांची काठी खाली गेली.

आत काबरी लोळत होती. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, पोट टम्म, आणि पोटाला लोंबकळलेली पाच पिल्लं. डॉक्टरांना बघून तिने फक्त शेपटीचं टोक हलवलं. उठायची तसदी घेतली नाही.

"काल संध्याकाळी ट्रकवाला आला होता," काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "माझी कडब्याची जाळी मागायला. म्हणाला, सरपंचाने सांगितलंय, सगळ्यांच्या आधी ती ठिपक्यांची उचल, शनिवारी सकाळीच, दाक्तरचे दिवस भरायच्या आत. मी जाळी दिली नाही. पण दुसऱ्याने दिली असती ना!"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? सगळ्या गावात मी कुत्र्यांच्या नावाने बोटं मोडतो, आणि आता हिच्यासाठी तुझ्या दारात येऊ?" काका काठीने जमीन उकरू लागले. "रई होती ना, तेव्हा आळीतल्या प्रत्येक बाळंतिणीला पहिला शिरा आमच्या घरून जायचा. मी ओरडायचो, ती द्यायची. ती देत होती म्हणून माझं ओरडणं चालून जात होतं रे. आता ती नाही. आता मी ओरडलो की नुसतं ओरडणंच उरतं."

डॉक्टरांनी वाकून काबरीचं डोकं खाजवलं.

"शिरा कसा करतात तेही ठाऊक नाही मला. कुणाला विचारणार? तेल घालायची एवढंच आठवत होतं." काका एकदम वळले. "तू कुणाला सांगायचं नाहीस. माझं नाव नाही घ्यायचं. उद्या सभेच्या वेळी मी मागचं दार उघडतो. रोटला दाखव, येईल ती तुझ्यामागे. शेतात सापडली म्हण."

"शब्द दिला," डॉक्टर म्हणाले. त्या दहा दिवसांत त्यांनी गरजेपेक्षा जास्तच शब्द दिले होते.

८

सभेला सगळा गाव लोटला होता. मागच्या दारापाशी काबरीला रोटला दाखवून डॉक्टर पुढे आले होते आणि आता तो हातात धरून वाटेकडे बघत होते. काकांनी मागचं दार उघडून कधीच झालं होतं आणि ते येऊन कोपऱ्यात बसले होते. पण काबरी? उबदार गोठा, भरलेलं पोट आणि पाच पिल्लं सोडून ती कशाला येतेय! रोटला हातातच गार झाला.

"काय डॉक्टर? कुठे आहे तुमची पाहुणी?" सरपंचांनी उशी सारखी केली.

"ती बरी आहे. मी माझ्या डोळ्यांनी बघितली."

"कुठे?"

डॉक्टरांनी कोपऱ्याकडे नजर जाऊ दिली नाही. "ते मला सांगता येणार नाही."

सभेत कुजबुज सुरू झाली. डाहीबाने डोळ्यांना पदर लावला. डॉक्टरांनी रोटला या हातातून त्या हातात घेतला. एक नाव घेतलं असतं तर सगळं सुटलं असतं, पण ते नाव त्यांच्या ओठांवर येईना.

"ऐकलंत?" सरपंच आता खुशीत आले. "जागा सांगत नाहीत, म्हणजे कुत्री नाही. पिसाळली आणि मेली! मी रस्त्याने सरळ चाललो होतो, काही एक कारण नसताना माझ्यावर धावून आली ती. पिसाळलेली नव्हती तर काय होती? असल्या अवलादी गावात ठेवायच्या? उद्या सकाळी ट्रक..."

"सरळ चालला होतास?"

आवाज असा आला, की झाडावरची कबुतरं उडाली. पशाकाका उभे होते.

"सरळ? अरे, उलटा चालला होतास उलटा! मी गंजीमागून बघत होतो, नळावरच्या तुझ्या नावाच्या पाटीसमोर फोटो काढून घेत होतास. 'अजून मागे जाऊ का, पाटी सगळी येते का' करत मागे मागे सरकलास आणि पिल्लाच्या शेपटीवर बूट ठेवलास! तिने चावायचं नाही तर काय तुझी आरती करायची? पिसाळलेली म्हणे! पिसाळलेल्याच्या घशाखाली पाणी उतरत नाही. कालपासून माझ्या हातचा पातेलंभर शिरा हाणलाय तिने, गुठळ्यांसकट!"

सगळी डोकी कोपऱ्याकडे वळली. पशाकाका, आणि कुत्रीला शिरा?

आपण काय बोलून बसलो हे काकांच्या ध्यानात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"फोटो काढणारा मीच होतो," मागून किरीट चाचरत उठला. "शपथ घातली होती मला. पण आता काकांनी स्वतःची इज्जत घालवलीच आहे, तर माझीही जाऊ दे. आणि त्या गोणीत लाकडं नव्हती."

"कुठल्या गोणीत?" चार जणांनी एकदम विचारलं.

पण तोवर पहिलं हसू फुटलं होतं. एका बाईने तोंडाला पदर लावला, दुसरीला तेवढंही जमलं नाही, आणि मग सगळी सभा पोट धरून हसत सुटली. हसत हसतच सगळा गाव पशाकाकांच्या गोठ्यावर जाऊन धडकला. दारात गर्दी झाली, काबरीने मान वर केली आणि सरपंचांना बघून हलकंसं गुरगुरली. सरपंच घाबरून मागे सरले.

"मागे बघून, अंबारामभाई, मागे बघून!" सगळा गाव एका सुरात ओरडला.

सरपंच हाडाचे राजकारणी. वारा कुठला ते त्यांना कळलं. "मी कधी नाही म्हटलं?" ते छाती काढून म्हणाले. "कुत्री आपल्या गावची शोभा आहेत. आणि ते शिबिर, डॉक्टर, पंचायतीच्या नावाने लावा. पाटी मोठी करा."

"पाटी करू," डॉक्टर म्हणाले, "पण फोटो बसून काढा."

सरपंचांना बसणंही तूर्त अवघडच होतं, हे आठवून लोक पुन्हा हसले. या वेळी डॉक्टरही मोकळेपणाने हसले. खांद्यावरून नांगर उतरावा तसं त्यांना वाटत होतं. तो लंगडा कुत्रा गर्दीतून वाट काढत आला, तेव्हा त्यांनी गार झालेला रोटला त्याला अर्धा मोडून दिला.

"आता उचला ही ब्याद इथून!" पशाकाका काठी आपटून ओरडले. "माझ्या म्हशी गारठल्यात!"

मग डाहीबाने पिल्लं ओच्यात घेतली, किरीटने आता राजरोसपणे घोंगड्या आणल्या, आणि काबरीचा संसार वाजतगाजत परत गंजीत मांडून दिला. पशाकाका तिकडे फिरकलेही नाहीत. त्यांनी म्हशी आत बांधल्या आणि पुढचं दार लावून घेतलं.

सकाळी डॉक्टर कारल्याचा रस समोर घेऊन बसले होते, तेव्हा पशाकाकांच्या घरातून अशी बोंब उठली की सगळी आळी बाहेर आली. डॉक्टर रस तसाच टाकून धावले. काबरीने पहाटेच एकेक पिल्लू मानेला धरून आणलं होतं आणि गोठ्यात, सगळ्यात मोठ्या म्हशीच्या पायाशी, पाचही जणांना ओळीने निजवलं होतं. घोंगडीसुद्धा तिने ओढत आणली होती. काका दारात उभे राहून तिला, तिच्या आईला आणि तिच्या सात पिढ्यांना शिव्या घालत होते, आणि ती निवांतपणे पंजा चाटत होती.

शिव्या संपल्या. डॉक्टरांना दिसलं, की काकांनी बाहीने डोळे पुसले. मग ते घरात गेले. चूल पेटल्याचा धूर निघाला, पातेलं वाजलं. आणि ज्या माणसाने उभ्या जन्मात शेजाऱ्याकडे काही मागितलं नव्हतं, तो खिडकीतून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला,

"ए डाही! गूळ आधी घालायचा का पाणी?"